व्हँपायरचं तोंड कोणासारखं असते?

मागच्या वेचणीच्या टायमाची गोष्ट. रात्री लाइन गेलेली, आणि माझा पुतण्या खाटेवर पडून मोबाइलवर इंग्रजी पिक्चर पाहून राह्यला होता. २०२५ चा 'सिनर्स', अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली १९३२ ची गोष्ट, त्यात व्हँपायर. आजी (म्हंजे माझी आई, पण घरात आता सगळेच तिला आजी म्हणतात) बाजूला बसून वाती वळत होती. स्क्रीनवर पांढरंफेक कापसाचं वावर आलं तशी ती वाकून पाहायला लागली. "हे तं आपलंच वावर व्हय ना बाप्पा." मग थोड्या वेळानं दात, रगत, किंचाळ्या सुरू झाल्या तवा म्हणे, "आन् हा कोन व्हय?"

"आजी, व्हँपायर व्हय तो. मानसाचं रगत पेते."

आजीनं वात वळता वळता विचारलं, "सावकार व्हय काय मंग?"

पोट्टा खदाखदा हसला. मला काही हसू आलं नाही, कारण गेल्या महिनाभर मी याच विषयावर जे सापडेल ते वाचून राह्यलो होतो आणि जाडजाड पुस्तकवाले शंभर पानं फिरून जिथं येतात तिथं बुढी एका वाक्यात जाऊन बसली होती. रक्त पिणारा कोण, हा प्रश्न खरा नाहीच. तो दिसतो कोणासारखा, हा खरा प्रश्न. म्हणून हा लेख, जमेल तेवढा सोपा करून.

आधी व्हँपायर म्हंजे नेमकं काय

मेलेला माणूस, जो पुरलेल्या जागेतून उठून येतो आणि जिवंत माणसाचं रक्त पिऊन टिकून राहतो, तो व्हँपायर. बस, एवढंच. काळा कोट, वटवाघूळ, उन्हात जळणं हे सगळं नंतर नंतर चिकटत गेलं. उन्हानं मरणं तर अगदीच अलीकडचं, ते १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून आलं. त्याच्या आधीच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त ताकद कमी असते त्याची.

आपल्याकडं हे समजायला गोचीड बघा. बैलाच्या कानाच्या मागं, जांघेत, जिथं चामडं पातळ तिथं ती धरते. रिकामी असते तवा तिळाएवढी, दिसतही नाही, आणि भरली की एरंडीच्या बीएवढी टम्म. बैल वाळत जातो आणि ती फुगत जाते. दुसऱ्याचं जे कमी होतं तेच याचं वाढतं, हा हिशोब व्हँपायरच्या पोटात आहे आणि म्हणूनच जिथं जिथं माणसाला वाटलं की आपलं काहीतरी कमी होऊन राह्यलं, तिथं तिथं हे भूत उगवलं.

काही जण म्हणतील, आपला वेताळ म्हंजेच व्हँपायर. नाही बुवा. तो गैरसमज एका इंग्रजानं करून ठेवला, रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच विक्रमासोबत व्हँपायर घातला. आपला वेताळ विक्रमाचं रक्त पीत नाही, डोकं खातो. कोडी घालतो, उत्तर दिलं की परत झाडावर. कित्येक गावांत तर तो राखणदार देव आहे, त्याला शेंदूर लागतो.

पहिला व्हँपायर गावकरीच होता, तोही सुजलेला

पिक्चरमधला व्हँपायर उंच, गोरा, गाल बसलेला, मोठ्या घरचा. पण सरकारी कागदावर जे अगदी सुरुवातीला आले त्यांतला एक सर्बियातल्या किसिल्येवो नावाच्या खेड्यातला साधा शेतकरी होता, पेटर ब्लागोयेविच. साल १७२५. हा मेला, आणि दहा आठवड्यांनी गावात आठ दिवसांत नऊ लोक मेले. मरताना ते म्हणाले की पेटर रात्री येऊन गळा दाबतो. हा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती, आधी तुर्कांचा होता. नवा साहेब आला, गावकरी त्याला म्हणाले कबर उकरू द्या नाहीतर आम्ही गाव सोडून जातो. साहेबानं हो-नाही करत पंचनामा केला, तो वर गेला, तिथून पेपरात. म्हंजे व्हँपायर जगात पसरला तो कोणा कवीमुळं नाही, पंचनाम्यामुळं. १७३२ मध्ये मेद्वेजा गावचा असाच रिपोर्ट लष्करी डॉक्टरनं केला आणि मग तर लंडनपर्यंत बोभाटा झाला.

कबरीत काय दिसलं? अंग फुगलेलं, तोंडाशी ताजं वाटणारं रक्त, नखं-केस वाढल्यासारखे. आता आपल्यातल्या कोणी मेलेली म्हैस दोन दिवस नाल्यात पडलेली पाहिली असेल तर त्याला यात नवल वाटणार नाही. आत गॅस धरतो, अंग फुगतं, तोंडा-नाकातून काळपट लाल पाणी बाहेर येतं, चामडी आखडते म्हणून नखं लांब दिसतात. खुंटा ठोकला की गॅस निघताना आवाज होतो, लोक म्हणत किंचाळला. आपल्यात बहुतेक जाळतात म्हणून हा तमाशा आपल्याला दिसत नाही आणि म्हणूनच कदाचित आपली भुतं सुजलेली नसतात, उलट्या पायांची असतात.

पण मुद्दा हा की त्या गावाला भीती कोणाची वाटली? राजाची नाही, परक्याची नाही. भावकीतल्याची, शेजाऱ्याची, कालपर्यंत बांधाला बांध असलेल्या माणसाची. साथ आली की ती घरातूनच घरात जाते, जो आधी मेला तोच मागच्यांना नेतो असं वाटणारच. अमेरिकेतही हेच झालं, आणि फार जुनं नाही, १८९२ मध्ये, ऱ्होड आयलंडच्या एक्सेटर गावात. मर्सी ब्राउन नावाची पोरगी टीबीनं गेली, आधी आई आणि मोठी बहीण गेलेली, भाऊ अंथरुणाला. लोकांनी प्रेत काढलं. थंडीचे दिवस, प्रेत टिकलेलं, काळजात रक्त दिसलं. ते काळीज जाळून राख पाण्यातून भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्येच शोधला होता, दहा वर्षं आधी. बातमी होती, पण इलाज अजून कुठंच नव्हता. इलाज नसला की माणूस काहीतरी करतोच.

गावातून हवेलीत

मग हा सुजलेला शेतकरी गोरापान सरदार कधी झाला? जवा शहरातल्या शिकलेल्या लोकांनी त्याला हातात घेतलं तवा. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी नावाच्या डॉक्टरची व्हँपायरची गोष्ट इंग्रजीत छापून आली. हा कवी बायरनचा पर्सनल डॉक्टर होता, दोघांचं बिनसलं होतं, आणि गोष्टीतला व्हँपायर बघावा तर थेट बायरनसारखा लॉर्ड, देखणा, पोरी फसवणारा. म्हंजे नोकरानं मालकाचं चित्र काढलं. बड्या घरचे लोक दुसऱ्याच्या जिवावर जगतात ही गोष्ट तवा युरोपात उघड बोलली जाऊन राह्यली होती, फ्रान्समध्ये तर मुंडकी उडून झाली होती.

राजकारणात हा शब्द त्याच्याही आधी घुसला. १७३२ मध्येच, सर्बियाची बातमी ताजी असताना, लंडनच्या एका पेपरानं मंत्र्यांना आणि करवाल्यांना व्हँपायर ठरवून टाकलं. आणि १८६७ मध्ये कार्ल मार्क्सनं लिहिलं की भांडवल म्हंजे मेलेली मेहनत, ती जिवंत मेहनतीचं रक्त शोषूनच जगते. अवघड वाटते पण नाही. सावकाराच्या पेटीतला पैसा म्हंजे काय? कोणाच्या तरी मागच्या हंगामाचा घाम. तो घाम आता मेला, नोट झाला. ती नोट तो तुम्हाला बियाण्यासाठी देतो, आणि यंदाचा तुमचा घाम व्याजात तिच्यात भरला जातो. गोचीड फुगली.

आता ड्रॅक्युलाकडं या. ब्रॅम स्टोकरची कादंबरी, मे १८९७. बहुतेकांना दात आणि किल्लाच आठवतो, पण गोष्ट वाचली तर गंमत वेगळीच आहे. हा सरदार पूर्व युरोपातल्या कोपऱ्यातून लंडनला यायचं ठरवतो, वकिलामार्फत घर विकत घेतो, इंग्रजी शिकतो, रेल्वेचं टाइमटेबल वाचून काढतो, का तर तिथं आपण परके वाटू नये. पन्नास पेट्या आपल्या गावची माती भरून जहाजानं आणतो. आणि मग इंग्लंडच्या बायकांचं रक्त पिऊन त्यांना आपल्यासारखं करायला लागतो. अभ्यासक याला उलटी वसाहत म्हणतात, म्हंजे जे आपण दुसऱ्याच्या देशात जाऊन केलं तेच उद्या कोणी आपल्याकडं येऊन केलं तर, ही भीती.

ती उन्हाळ्याची वेळ नीट बघा. जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या साठ वर्षांचा ज्युबिली सोहळा. इकडं पुण्यात प्लेग, आपल्या मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ. आणि इंग्लंडचा पंतप्रधान होता लॉर्ड सॅलिसबरी. हाच माणूस १८७५ मध्ये भारतमंत्री असताना लिहून गेला होता की हिंदुस्थानचं रक्त काढणं भागच आहे तर सुरी जिथं रक्त साचलंय तिथं लावावी. पुरं सांगायचं तर त्याचं म्हणणं होतं की आधीच अशक्त झालेल्या शेतकऱ्याला सुरी लावू नका, दुसरीकडं लावा. म्हंजे तो त्यातल्या त्यात दयाळू! पण रक्त काढायचं हे ठरलेलंच, नस कोणती एवढाच वाद. दादाभाई नौरोजींनी हे वाक्य इंग्रजांच्याच तोंडावर पुन्हा पुन्हा मारलं. तर ज्या देशाचा पंतप्रधान असं लिहून बसलाय त्या देशातले लोक परक्यानं येऊन आपलं रक्त पिल्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आणून घेत होते.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच पुस्तकात आहे. एका ठिकाणी ड्रॅक्युलावर सुरा चालवतात, कोट फाटतो, आणि त्यातून रक्त नाही पडत. नोटांचा गठ्ठा आणि सोन्याची नाणी पडतात.

लाल गाडीवाले आणि पुलातली पोरं

इथपर्यंतच्या गोष्टी गोऱ्या लोकांनी लिहिलेल्या. ज्यांचं रक्त खरंच काढलं जात होतं त्यांनी पुस्तकं नाही लिहिली, अफवा केल्या. पूर्व आफ्रिकेत इंग्रजांच्या राज्यात लोक म्हणायचे की सरकारचे आगवाले, फायर ब्रिगेडवाले, रात्री आफ्रिकन माणसांना धरून नेतात आणि रक्त काढतात. वाझिमामोटो म्हणत त्यांना. तिथला व्हँपायर कबरीतून येत नाही, युनिफॉर्म घालून गाडीतून येतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरात पिश्ताको नावाचा गोरा माणूस रक्त नाही, चरबी काढतो, आधी म्हणत चर्चच्या घंटा ओतायला, नंतर म्हणायला लागले मशिनीच्या तेलासाठी. मालकाला जे लागते ते.

हे वाचलं आणि मला आमच्या कॅनॉलचं काम आठवलं. मी तिसरी-चौथीत असेन. गावाबाहेर पूल बांधून राह्यले होते आणि सगळ्या गावात एकच गोष्ट, पुलाच्या पायव्यात पोट्टे टाकतात, त्याशिवाय पूल उभा राहत नाही. ठेकेदाराची जीप दिसली की आम्ही तुरीत शिरायचो. हीच आजी, तवा तरणी होती, दुपारी दाराला बाहेरून कडी लावून वावरात जायची. कोणाचंच पोट्टं गेलं नाही. पण जमिनी गेल्या होत्या, त्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांच्या, मोबदला कधी येईल ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्या भाषेत नोटिसा आल्या ती मराठी असूनही आमच्या लोकांना कळत नव्हती. आता वाटते की त्या अफवेत पोरं खोटी होती, नेणं खरं होतं.

बोट वर की खाली

इथं मला जे म्हणायचं ते येतं. सगळी रक्तपिपासू भुतं समाजाचा आरसा असतात हे बोलून मोकळं होता येते, पण आरसा कोणाच्या हातात आहे ते पाहावं लागते. कधी लोक वर बोट दाखवतात: सरदार, सरकारी गाडी, सावकार. कधी खाली: म्हातारी, विधवा, भिक्षेकरी, परक्या जातीचा, परक्या धर्माचा.

१९२२ चा तो जर्मन मूकपट, 'नोस्फेराटू', घ्या. महायुद्ध हरलेला देश, फ्लूच्या साथीत माणसं गेलेली. त्यातला व्हँपायर टकला, उंदरासारख्या दातांचा, लांब नाकाचा, आणि तो येतो तवा जहाजातून उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. बऱ्याच अभ्यासकांना त्यात ज्यू लोकांबद्दलचा द्वेष दिसतो, करणाऱ्यांच्या मनात असो की नसो. पुढं नाझींनी ज्यूंना उंदीर म्हणूनच दाखवलं.

आणि लांब कशाला जायचं. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबातल्या लोकांना भर चौकात बांधून मारहाण केली, त्यात म्हातारे होते, बायका होत्या. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आपल्याकडं. धुळ्याच्या राईनपाड्याला जुलै २०१८ मध्ये पोरं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. मलावी देशात २०१७ मध्ये रक्त पिणाऱ्यांची अफवा उठली, जमावानं माणसं मारली, संयुक्त राष्ट्रांनी दोन जिल्ह्यांतून आपला स्टाफ हलवला. म्हंजे वर दाखवलेलं बोट बोलण्यात राहते आणि खाली दाखवलेल्या बोटामागं दगड जातो, कारण सावकाराच्या दारावर कुत्रं असते आणि विधवेच्या दारावर कोणी नसते.

हडळही तशीच. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते म्हणतात. जिला जिवंतपणी वेळेवर बैलगाडी मिळाली नाही तिलाच मेल्यावर घाबरायचं.

"पण हे ओढूनताणून नाही का?"

हे कोणीतरी म्हणणारच. स्टोकर काही वसाहतींचा हिशोब मांडायला बसला नव्हता, थिएटरचा मॅनेजर माणूस, भीतीची गोष्ट लिहिली, झालं. मान्य. पण जात्यावर ओवी म्हणणारी बाईही सासुरवासावर प्रबंध लिहायला बसलेली नसते, तरी तिच्या ओवीतून त्या घरात काय शिजत होतं ते कळते ना. तसंच.

दुसरं म्हणतील की पिक्चरवाले पैशासाठी बनवतात, समाज वगैरे काही नाही. पैशासाठीच बनवतात. 'नोस्फेराटू'वाल्यांनी तर स्टोकरच्या बायकोला न विचारता गोष्ट उचलली, ती कोर्टात गेली, कोर्टानं प्रिंटा नष्ट करा सांगितलं, काही वाचल्या म्हणून आज दिसतो. पण पैसा मिळतो कशाला? लोकांच्या आत जे आधीच ठसठसत असते त्यालाच हात लागला तर तिकीट फाटते. एड्सच्या काळात रक्ताच्या संसर्गावरचे व्हँपायर चालले, आणि १९७६ च्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' या कादंबरीनंतर तर व्हँपायर स्वतःच बोलायला लागला, की मी एकटा आहे, मला समजून घ्या, नंतर कॉलेजच्या पोरींचा हिरोही झाला. पोट भरलेल्या समाजाला रक्त पिणाऱ्याची कीव यायला लागते बहुतेक. आपल्याकडं अजून कोणाला गोचिडीवर कविता सुचली नाही.

आणि प्रत्येकच भुताला अर्थ असतो असं नाही. काही भुतं नुसती पोरं लवकर झोपावी म्हणून असतात.

मग आत्ता कोणासारखं?

या सगळ्या गोष्टींतला एक नियम मला फार आवडतो. ड्रॅक्युलामध्येही आहे आणि त्या रात्रीच्या पिक्चरमध्येही होता: घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय व्हँपायरला उंबरा ओलांडता येत नाही. आपल्याकडं तर दारात कोणी आलं की तोंडातून आपोआप निघते, या, बसा.

माझ्या चुलतभावानं मागं फवारणीच्या औषधासाठी मोबाइलवरून कर्ज घेतलं. ना सातबारा, ना जामीन, पाच मिनिटांत काम. तीन हजार मागितले, कापून हातात अठराशे आले, सात दिवसांत तीन हजार परत. ॲप टाकताना त्यानं विचारलं होतं, कॉन्टॅक्ट पाहू का, फोटो पाहू का. भावानं प्रत्येक वेळी अलाऊ दाबलं. असं कॉन्टॅक्ट-फोटोत हात घालायला रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये मनाई केलेली आहे, हे आम्हाला नंतर कळलं. आठव्या दिवशी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज गेले, हा चोर आहे, पैसे बुडवून पळाला. खतवाल्याला गेला, पोरीच्या सासरी गेला, सरपंचाला गेला. आजीच्या साध्या फोनवर पण आला, तिला वाचता येत नाही म्हणून तिनं पुतण्याला वाचायला दिला.

आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "हा घरात कसा घुसला?"

"काकानंच या म्हटलं, आजी."

"बरं, पन तोंड तं दाखव त्याचं. पाहू दे कोन व्हय."

पुतण्यानं नंबर दाबून पाहिला. डीपीच्या जागी नुसता राखाडी गोळा होता.